जुन्या वेगाचा नवा बाजार

पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो या मोटारीची भारतातील वाटचाल २०२२ मध्ये संपली. तब्बल बारा वर्षे ही छोटेखानी गाडी आपल्या रस्त्यांवर नवी म्हणून उतरत होती. मोटारबाजाराचा रूढ नियम असा, की उत्पादन बंद झालेल्या गाडीचा भाव झपाट्याने उतरतो. सुटे भाग मिळतील की नाही, पुढे ही गाडी कोण घेईल, अशा शंका ग्राहकाच्या मनात घर करतात. पोलोच्या, विशेषतः तिच्या 'जीटी टीएसआय' या चपळ आवृत्तीच्या बाबतीत मात्र हा नियम उलटा ठरला. नीट राखलेली गाडी विकायला निघाली की आजही तिला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

यामागे निव्वळ हौस आहे असे म्हणून हा विषय सोडून देता येईल. परंतु या बाजारात उतरणारा ग्राहक बहुधा धनिक नसतो. पगारातून हप्ते भरणारा, ऑफिसची वाहतूक कोंडी रोज सोसणारा आणि रविवारी पहाटे लोणावळ्याच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात गाडी चालवण्याचा आनंद शोधणारा तरुण नोकरदार हाच त्याचा मुख्य आधार आहे. त्याच्यासमोरची निवड सोपी नसते. तेवढ्याच पैशांत हमीसह येणारी साधी नवी गाडी घ्यावी, की हमी संपलेली, पण मनापासून आवडणारी जुनी? या निवडीत त्याची काही वर्षांची बचत पणाला लागते. म्हणूनच या बाजाराचे व्यवहार, त्यामागचे कायदे आणि धोके यांची छाननी होणे अगत्याचे आहे.

छोट्या, घरगुती वापराच्या गाडीत जोरकस इंजिन बसवण्याची कल्पना मूळची युरोपातली. १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने ती लोकप्रिय केली. आपल्याकडे या वर्गाची खरी ओळख २००१ मध्ये फियाट पालिओने करून दिली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि तिच्या १.६ लिटर इंजिनाची ताकद सुमारे शंभर अश्वशक्ती होती. तिची पेट्रोलची भूक मोठी होती आणि 'किती देते?' हा भारतीय ग्राहकाचा पहिला प्रश्न होता. त्यामुळे कौतुक उदंड झाले, तरी ते विक्रीत पुरेसे उतरले नाही.

यानंतर या वर्गाचे भवितव्य अभियंत्यांपेक्षा अर्थखात्याने अधिक ठरवले. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. छोटी मोटार म्हणजे चार मीटरपेक्षा लांब नसलेली आणि पेट्रोल असल्यास १२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेल असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेली, अशी व्याख्या झाली. या एका व्याख्येने देशातील मोटारींचा आकार बदलला. वेगवान छोटी गाडी बनवायची तर मोठे इंजिन घालून चालणार नव्हते. लहान इंजिनाला टर्बोचार्जर जोडून त्यातूनच ताकद काढणे भाग होते.

२०१३ मध्ये ७ लाख ९९ हजार रुपयांना (दिल्ली, शोरूम किंमत) आलेली पोलो जीटी टीएसआय हे या विचाराचे ठळक फळ. १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि दोन क्लच असलेला सात गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स असा संच त्या काळी या किमतीत दुर्मिळ होता. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. तिची ताकद १४५ अश्वशक्ती आणि किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. तिचे इंजिन १.४ लिटरचे असल्याने करसवलत मात्र तिच्या वाट्याला आली नाही. २०१६ मध्ये १९२ अश्वशक्तीची तीन दरवाजांची पोलो जीटीआय पूर्णपणे आयात करून आणली गेली. तिची किंमत २५ लाख ९९ हजार रुपये होती. वर्षभरातच ती १९ लाख ९९ हजारांवर आणावी लागली. २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आली, तर २०१८ मध्ये टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजच्या साथीने टियागो जेटीपी ही ११४ अश्वशक्तीची गाडी ६ लाख ३९ हजार रुपयांना दिली.

आज ही सारी नावे केवळ जुन्या बाजारात उरली आहेत. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकांनी अनेक इंजिनांचा हिशेब चुकता केला. कमी खपाच्या गाडीसाठी नव्या मानकांचा खर्च करण्यास कंपन्या राजी नव्हत्या. बलेनो आरएस आणि टियागो जेटीपी त्याच सुमारास बंद झाल्या, पुंटो तर त्याआधीच गेली होती. पोलोला १ लिटरचे ११० अश्वशक्तीचे नवे टर्बो इंजिन मिळाले आणि आणखी दोन वर्षे लाभली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारउत्पादन थांबवण्याची घोषणा केली आणि फिगोही पडद्याआड गेली. त्यानंतर ह्युंदाई आय-२० एन लाइन (२०२१) व टाटा अल्ट्रोझ रेसर (२०२४) यांसारखे प्रयत्न झाले. परंतु ग्राहकाचे मन तोवर उंच बैठकीच्या, 'एसयूव्ही' म्हणवणाऱ्या गाड्यांकडे वळले होते. पुरवठा आटला, चाहते मात्र राहिले. भाव टिकून राहण्याचे कारण हे एवढेच आहे.

येथेच पहिली सावधगिरी हवी. टंचाईमुळे भाव टिकतो, गाडी टिकत नाही. २०१३ ची गाडी कितीही दुर्मिळ झाली तरी तिचे रबर, वायरिंग, टर्बो आणि क्लच यांचे वय तेवढेच वाढलेले असते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या रचनेत झालेल्या बदलाने जुने गणित पालटले आहे. छोट्या मोटारींवरील कर २८ टक्के अधिक उपकर यावरून थेट १८ टक्क्यांवर आला. छोटी मोटार कोणती, याची लांबीची व इंजिनाची मर्यादा मात्र साधारण तीच राहिली. नवी गाडी स्वस्त होते तेव्हा जुनीचा भावही खाली यावयास हवा. विक्रेता जर करकपातीपूर्वीच्या नव्या गाडीची किंमत पुढे करून आपल्या जुन्या गाडीचा भाव सांगत असेल, तर ती तुलना चुकीची आहे हे खरेदीदाराने ओळखले पाहिजे.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. साधी जुनी गाडी आणि चपळ जुनी गाडी यांतील खरा फरक वेगात नसून दुरुस्तीच्या बिलात असतो. सात गतींच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचेच उदाहरण घ्यावे. मोकळ्या रस्त्यावर त्याच्याइतका तत्पर गिअरबॉक्स विरळा. पण तासन् तास इंचाइंचाने सरकणाऱ्या वाहतुकीत त्याचे क्लच तापतात व झिजतात. याच कुळातील गिअरबॉक्सच्या तक्रारींमुळे २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत मागवण्याची वेळ फोक्सवॅगनवर आली होती. प्रत्येक गाडीत दोष असतोच असा याचा अर्थ नव्हे. अनेक गाड्या विनातक्रार धावत आहेत. परंतु या गिअरबॉक्समधील नियंत्रण यंत्रणा किंवा क्लचचा संच बदलावा लागला, तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. अशी गाडी पाहताना ती महामार्गावर पळवून बघण्यापेक्षा अर्धा तास गर्दीत रेंगाळत चालवावी. कमी वेगात हिसके बसणे, गिअर अडखळणे, चढावर सुटताना थरथर होणे ही लक्षणे तेथेच दिसतात.

अबार्थ पुंटोसारख्या गाडीत अडचण निराळी आहे. फियाटची मोटारविक्री भारतात थांबली. नेहमीच्या पुंटोशी समान असलेले भाग मिळू शकतात, पण इंजिन, टर्बो आणि ब्रेक यांचे खास भाग फार थोड्या गाड्यांत वापरले गेले. त्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला नाही आणि तो तुटला, तर नुकसान बेल्टपुरते न राहता इंजिनाच्या आतपर्यंत पोहोचते. अशा गाडीच्या मालकाला एक चांगला मेकॅनिक आणि भरपूर संयम, दोन्ही लागतात. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर घरात दुसरे वाहन आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. 'आधी शिदोरी, मग जेजुरी' ही म्हण या व्यवहारात अक्षरशः लागू पडते. गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर नाकापेक्षा मोती जड झालाच म्हणून समजावे.

तिसरा धोका आधीच्या मालकाच्या उत्साहाचा. चपळ गाडी घेणारा माणूस ती हळू चालवण्यासाठी घेत नाही. टर्बो इंजिनाची संगणकीय मांडणी बदलून ताकद वाढवण्याचा प्रकार या वर्गात सर्रास चालतो. विकण्यापूर्वी मूळ मांडणी परत बसवली, सायलेन्सर बदलला आणि चाके मूळची लावली, की बाहेरून काहीच कळत नाही. वाढीव ताकदीचा ताण सोसलेले क्लच आणि गिअरबॉक्स मात्र नव्या मालकाच्या गळ्यात पडतात. कायद्याच्या दृष्टीनेही हे दुर्लक्षण्याजोगे नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर भरपाई नाकारण्याचे निमित्त ठरू शकतो. म्हणून अधिकृत किंवा सुसज्ज गॅरेजमध्ये संगणकीय तपासणी केल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

तपासणीचा उल्लेख झाला की मीटरचा प्रश्न येतोच. 'सिंगल हँड', 'डॉक्टरांची गाडी', 'कंपनी मेंटेन्ड', 'रनिंग फक्त ४० हजार' ही जाहिरातींतील भाषा वाचकांच्या परिचयाची आहे. मीटर मागे फिरवणे ही उघड फसवणूक आहे, पण ती सिद्ध करायची कशी? ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की तिची वार्षिक तपासणी सक्तीची असते. त्या वेळी मीटरचा आकडा नोंदवला जातो आणि ही सारी नोंद कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर सरकारी तपासणीची पाळीच येत नाही. मधल्या काळात गाडी किती धावली, याचा पुरावा म्हणजे सर्व्हिसिंगची बिले. ती बिले हरवली असे विक्रेता सांगत असेल, तर मीटरवरचा आकडाही हरवला असेच मानावे. सीट, स्टिअरिंग व पेडल यांची झीज आणि टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा व वर्ष हे त्यानंतरचे साक्षीदार.

पाण्यात बुडालेल्या गाड्यांचे प्रकरणही महाराष्ट्राला नवे नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण अशा प्रत्येक पुरानंतर हजारो वाहने चिखलातून बाहेर काढली गेली. विमा कंपन्यांनी पूर्ण नुकसान धरलेल्या गाड्या भंगाराच्या भावाने विकल्या जातात आणि त्यांतील काही धुऊन-पुसून, डेंटिंग-पेंटिंग करून दूरच्या शहरात पुन्हा विक्रीला येतात. टर्बो इंजिन आणि संगणकनियंत्रित गिअरबॉक्स असलेल्या गाडीत पुराचे पाणी म्हणजे लांबणीवर पडलेला बिघाड. सीट बेल्ट पूर्ण ओढून पाहावा, आत वाळलेला चिखल दिसतो. सीटखालचे लोखंड गंजलेले आहे का, गालिच्याखाली कुबट वास येतो का, हे पाहावे. विम्याच्या दाव्यांचा इतिहासही मागावा.

दिल्लीहून येणाऱ्या गाड्यांचा प्रकार याहून वेगळा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे आदेश आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर केलेले शिक्कामोर्तब यांमुळे राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. २०२५ मध्ये न्यायालयाने त्यात वेळोवेळी बदल केले असले, तरी तेथील मालकांच्या मनात अनिश्चितता आहे आणि म्हणून तेथे भाव कमी असतो. स्वस्त दिसणारी ही गाडी इकडे आणताना मात्र हिशेब वाढतो. दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर येथे नव्याने नोंदणी करावी लागते, त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मिळवणे हे स्वतंत्र दिव्य आहे.

व्यवहार ठरल्यावर सर्वांत उपेक्षित राहते ते नावांतर. कायद्याच्या ५० व्या कलमानुसार राज्यांतर्गत विक्री झाल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या नावावर नोंद करून घ्यावी लागते. कर्ज फिटले असल्यास बँकेचा बोजाही नोंदवहीतून उतरवून घ्यावा लागतो. प्रत्यक्षात कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन गाडी एजंटामार्फत दोन-तीन हातांतून फिरते. २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच साखळीवर निर्णय दिला: अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर नोंदणी आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे गाडी विकून विसरून गेलेल्या माणसाच्या दारात वर्षभराने न्यायालयाची नोटीस येऊ शकते. वेगवान गाडीच्या बाबतीत ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही.

विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज केलाच पाहिजे. आधीच्या मालकाला मिळणारी 'नो क्लेम बोनस'ची सवलत ही त्या व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. ती नव्या मालकाला मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही याच वेळी पाहावे.

सरकारने या क्षेत्रात शिस्त आणण्याचा प्रयत्न केलेला नाही असे नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी ताब्यात घेतल्याची नोंद झाली की तो विक्रेता तिचा मानीव मालक ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने जुन्या मोटारींवरील कर सरसकट १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मोठा गोंधळ उडाला होता. वास्तविक हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन सामान्य नागरिकांमधील खरेदी-विक्रीला तो लागूच होत नाही.

इंधनाचा नवा प्रश्नही विचारात घ्यावा लागेल. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता देशभर मिळते. आपण ज्या गाड्यांविषयी बोलत आहोत, त्या बहुतेक या मिश्रणाचा विचार होण्यापूर्वी बनल्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा जुन्या रचनेच्या चारचाकींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. इंधनाच्या नळ्या व रबरी जोड यांची तपासणी या गाड्यांत नियमित झाली पाहिजे.

या साऱ्याचा अर्थ अशी गाडी घेऊच नये, असा नाही. उलट काही बाबतींत जुनी चपळ गाडी नव्या साध्या गाडीपेक्षा सरसही ठरते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने केलेल्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार तारे मिळाले. त्यानंतर कंपनीने एअरबॅग सर्व गाड्यांत देण्यास सुरुवात केली. जीटी टीएसआयमध्ये त्या आधीपासूनच होत्या, शिवाय घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही होती. घट्ट बांधणी, भक्कम ब्रेक आणि रस्त्याला धरून चालण्याचा गुण यांचे मोल वेगाच्या आकड्याहून अधिक आहे.

तेव्हा प्रश्न आवडीचा नसून नोंदींचा आहे. दोन गाड्या समोर असतील, एक चकचकीत पण बिलांविना आणि दुसरी रंग उडालेली पण प्रत्येक सर्व्हिसिंगच्या कागदासह, तर दुसरीच घ्यावी. रंग हजारांत होतो, गिअरबॉक्स लाखात. पण ही जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र आणि विम्याचे नूतनीकरण हे दोन सोपस्कार प्रत्येक मालकाला करावेच लागतात. त्या वेळी मीटरचा आकडा सक्तीने 'वाहन' या सरकारी प्रणालीत नोंदवून तो खरेदीदाराला पाहण्याची मुभा दिली, तर नवा कायदा न करताही या बाजारातील अर्धी लबाडी थांबेल. विम्याचे मोठे दावे व पूर्ण नुकसानीच्या नोंदीही त्याच ठिकाणी दिसाव्यात. नवी चपळ छोटी गाडी बनवणे कंपन्यांना परवडत नसेल, तर त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. पण ज्या गाड्या चाकण-रांजणगावातून बाहेर पडून आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती आहेत, त्यांचा खरा इतिहास पुढच्या मालकाला कळावा, एवढी व्यवस्था करणे शासनाला अवघड नाही.